फुटल्यावर उरणारा कठडा

मराठीत या जागेला तीन नावे आहेत आणि तिन्ही अजून वापरात आहेत. वाड्याला सज्जा असे, चाळीला गॅलरी आली आणि फ्लॅटला बाल्कनी. त्यातही ‘गॅलरी’ इतकी अंगवळणी पडली आहे की विसाव्या मजल्यावर राहायला गेलेली आजीसुद्धा नातवाला ‘गॅलरीत जाऊ नको’ असेच सांगते. बाल्कनी हा शब्द इटालियनमधून आला. त्याच्या मुळाशी तुळई आहे, म्हणजे भिंतीबाहेर काढलेल्या तुळयांवर टेकवलेली जमीन. कठडा मात्र आपल्या घरचा, आणि त्यातला ‘कठ’ मला तरी लाकडाचाच ऐकू येतो. युरोपीय भाषांमधला कठड्याचा शब्द, बॅलस्ट्रेड, चक्क डाळिंबाच्या फुलावरून निघालेला आहे. मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळते असे दगडी खांब ओळीने उभे केले की ते डाळिंबाच्या फुलांसारखे दिसतात. त्या एकेका खांबाला फुलाचे नाव मिळाले आणि खांबांच्या रांगेला बॅलस्ट्रेड. आज बांधकाम व्यवसायात ज्याला ‘ग्लास बॅलस्ट्रेड’ म्हणतात त्यात यांपैकी एकही खांब नसतो.

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक या शहरांत गेल्या पंधरा-वीस वर्षांत उभ्या राहिलेल्या उंच इमारतींकडे खालून पाहा. सज्जाच्या कडेला विटांची अर्धी भिंत नाही, लोखंडी गज नाहीत. हिरवट छटेची काच आहे आणि तिच्या माथ्यावर, असलीच तर, चकाकत्या नळीची एक बारीक रेघ. जुन्या सोसायटीतली माणसे पुनर्विकासानंतर याच इमारतींत राहायला जातात. ज्यांनी चाळीस वर्षे नऊ इंची भिंतीवर कोपरे टेकून रस्ता पाहिला, ती आता बारा-तेरा मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक तावदानाला टेकून उभी राहतात. ताबा घेताना टाइल्स, नळ, दरवाज्याचे कुलूप यांची कसून तपासणी होते. कठड्याबद्दल विचारलेच तर एकच प्रश्न असतो : काच मजबूत आहे ना? उत्तरही ठरलेले : टफन्ड आहे, हातोडा मारला तरी फुटत नाही.

मी अभियंता नाही. मानके, कारखान्यांच्या माहितीपुस्तिका आणि परदेशी चौकशी समित्यांचे अहवाल वाचत, बांधकामांवर जाऊन कारागिरांचे काम पाहत हा विषय थोडाबहुत शिकलो. त्यातून माझे मत असे झाले की प्रश्नच चुकीचा विचारला जातो. काच किती मजबूत आहे, हा प्रश्न दुय्यम. ती फुटल्यावर त्या जागी काय उरते, हा पहिला.

त्याआधी ‘मॉड्युलर’ या शब्दाबद्दल. ठरावीक मापाचे सुटे भाग कारखान्यात करायचे आणि जागेवर आणून फक्त जोडायचे, ही पद्धत आजची असल्यासारखी विकली जाते. ती निदान दीडशे वर्षांची आहे. ग्लासगोच्या वॉल्टर मॅकफार्लेन आणि कंपनीच्या सॅरासेन फाउंड्रीत बिडाच्या ओतकामाचे कठडे, कंस, खांब, कमानी तयार होत. कंपनीचे जाडजूड कॅटलॉग जगभर जात. त्यात प्रत्येक नक्षीला क्रमांक असे आणि गिऱ्हाइकाने तो कळवला की पेट्या बोटीत चढत. म्हैसूरच्या राजवाड्यातले बिडाचे खांब तिथूनच आले. मुंबईत काळा घोड्याजवळचे वॉटसन्स हॉटेल, म्हणजे आजचे एस्प्लनेड मॅन्शन, तर अख्खेच तसे. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये तयार होऊन सुट्या भागांत आला आणि १८६०च्या दशकाच्या अखेरीस इथे जोडला गेला. २००५ साली याच इमारतीच्या सज्जांचा काही भाग कोसळला. सुटे भाग जोडून केलेल्या बांधकामाचा जीव सांध्यात असतो. ते सांधे राखण्याची जबाबदारी कोणावरच राहिली नाही की काय होते, ते या इमारतीकडे पाहिले की कळते.

बिडाच्या कठड्याला एक मोठा गुण होता, त्यातून वारा जाई. गजांमध्ये अंतर असल्याने वाऱ्याचा जोर कठड्यावर फारसा बसत नसे. काच वारा अडवते, म्हणून तो जोर तिला पेलावा लागतो. भारतीय मानकांत मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. या वेगाने वारा आदळला तर चौरस मीटरला सुमारे ११५ ते १२० किलोचा दाब पडतो. ही झाली मूळ संख्या. उंचीप्रमाणे ती वाढत जाते. विसाव्या-तिसाव्या मजल्यावर काचेच्या कठड्याचा हिशेब बहुधा माणसाच्या रेट्याने ठरत नाही, वाऱ्याने ठरतो.

काच का आली, याची कारणे उघड आहेत. एक, समुद्र किंवा टेकडी दिसते, आणि जे दिसते त्याचे पैसे घेता येतात. दुसरे कारण आपल्या नियमांत आहे. मुंबईत पूर्वी बाल्कनी चटईक्षेत्रात मोजली जात नसे. अधिमूल्य भरून ती बंद करता येई आणि आणखी एक खोली मिळे. जानेवारी २०१२ मध्ये विकास नियंत्रण नियमावली बदलली आणि बाल्कनी, फ्लॉवर बेड वगैरे जागा चटईक्षेत्रात धरल्या जाऊ लागल्या. फुकट मिळणारी जागा गेल्यावर अनेक आराखड्यांतून बाल्कनीच गायब झाली. ती पुन्हा आली ती ‘डेक’ होऊन, शोभेची आणि भावाची वस्तू म्हणून. २०२० च्या टाळेबंदीने तिचा भाव आणखी वाढवला. घराबाहेर पडता येत नव्हते तेव्हा चार फुटांचे उघडे आकाश काय असते, ते लोकांना कळले.

तिसरे कारण काचेच्या कारखान्यात आहे. महाराष्ट्राला काच नवी नाही. १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, तो लोकांनी दिलेल्या एकेका पैशाच्या वर्गणीवर आणि टिळकांच्या पाठिंब्याने. ओगलेवाडीच्या ओगल्यांचा प्रभाकर कंदील तर घरोघरी होता. पण ही काच फुंकून किंवा साच्यात घालून घडवलेली. मोठे, सपाट, दोन्ही अंगांनी निर्दोष असे तावदान ही वेगळीच विद्या. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली ती जाहीर केली. वितळलेल्या कथिलावर वितळलेली काच तरंगू द्यायची, की ती आपोआप सपाट होते. म्हणून तिचे नाव फ्लोट. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही काच आपल्याकडे, तळोज्यालाही, होऊ लागली आणि आयातीवर असलेली वस्तू फॅब्रिकेटरच्या आवाक्यात आली.

आता ‘टफन्ड’ म्हणजे काय ते पाहू, कारण सगळा घोळ या शब्दाभोवती आहे.

सतराव्या शतकात इंग्लंडच्या दरबारात एक खेळणे आले होते. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की एका बाजूला गोल डोके आणि दुसऱ्या बाजूला बारीक शेपूट असा मणी तयार होतो. डोक्यावर हातोडी मारा, फुटत नाही. शेपटीचे टोक चिमटीत मोडा, अख्ख्या मण्याचा भुगा होतो. प्रिन्स रूपर्टचा थेंब म्हणून तो प्रसिद्ध आहे आणि १६६१ साली रॉयल सोसायटीनेही त्याची तपासणी केली होती. यातले रहस्य असे : बाहेरचा थर पाण्यात पडताच थिजतो. आतली काच नंतर निवते आणि आकसू पाहते, पण बाहेरचे कवच तिला आकसू देत नाही. त्यामुळे कवच कायम दाबलेले आणि गाभा कायम ताणलेला राहतो. काच दाबाने सहसा फुटत नाही, ताणाने फुटते. दाबलेल्या कवचावर ओरखडा उघडायला ताण मिळत नाही, म्हणून डोके मजबूत. पण चीर एकदा ताणलेल्या गाभ्यात शिरली की साठवलेली सगळी शक्ती एका क्षणात सुटते.

टफन्ड काच म्हणजे हाच थेंब, तावदानाच्या आकाराचा. १८७४ साली दे ला बास्ती या फ्रेंच माणसाने तापलेली काच तेलात बुडवून ती केली आणि पेटंट घेतले. त्याची भांडी कधी कधी कोणी हात न लावताही फुटत. आज तावदान सव्वासहाशे-साडेसहाशे अंशांपर्यंत तापवतात आणि दोन्ही अंगांनी थंड हवेचे जोरदार झोत सोडतात. साध्या काचेच्या चौपट-पाचपट बळ येते. मात्र त्यानंतर ती कापता येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही. माप, भोके, कडांचे पॉलिश हे सगळे भट्टीआधी उरकावे लागते. फुटली की तिचे छोटे बोथट खडे होतात. मोटारीच्या दाराला किंवा न्हाणीघराच्या आडोशाला हा गुणच आहे, कारण सुरीसारखे तुकडे अंगात घुसत नाहीत.

कठड्याला हाच गुण घातक ठरतो. दार फुटले तर दार गेले. कठडा फुटला तर माणूस आणि पोकळी यांच्यामध्ये काहीच उरत नाही, आणि ते उरत नाही नेमके त्याच क्षणी, जेव्हा कोणीतरी त्याला टेकलेले असते. शिवाय खडे बोथट असले तरी सगळे सुटे पडत नाहीत. त्यांचे ढेकळासारखे चिकटलेले गठ्ठे पडतात. वीस मजल्यांवरून येणारा असा गठ्ठा आणि दगड यांत फरक नाही.

बरे, ती फुटण्यासाठी हातोडाच लागतो असे नाही. मेलबर्नमध्ये १९५८ साली आयसीआय हाउस ही त्या शहराची उंचीची जुनी मर्यादा मोडणारी इमारत पूर्ण झाली आणि तिच्या बाहेरच्या अंगाची टफन्ड तावदाने आपोआप फुटून खाली पडू लागली. बॅलंटाइन या ऑस्ट्रेलियन संशोधकाने १९६१ साली कारण दाखवून दिले. काच वितळताना तिच्यात निकेल आणि गंधक यांचा एखादा कण, निकेल सल्फाइड, तयार होतो. आकाराने तो मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, डोळ्याला सहज न दिसणारा. सुमारे ३८० अंशांच्या वर या कणाचे एक स्फटिकरूप असते, खाली दुसरे. साधी काच सावकाश निवते, त्यामुळे कणाला रूप पालटायला सवड मिळते. टफन्ड काच झटक्यात निवते आणि कण जुन्याच रूपात अडकतो. मग महिन्यांनी, कधी वर्षांनी, तो सावकाश पालटतो आणि पालटताना दोन ते चार टक्के फुगतो. नेमका ताणलेल्या गाभ्यात असेल तर तेवढे पुरते. खड्यांचे तावदान जागेवर टिकलेच तर फुटण्याच्या उगमाशी दोन मोठे तुकडे फुलपाखराच्या पंखांसारखे जोडून दिसतात. जाणकार त्यावरून कारण ओळखतात.

यावर उपाय म्हणजे हीट सोक. तयार तावदाने पुन्हा भट्टीत २६० ते २९० अंशांवर काही तास ठेवायची, म्हणजे ज्यांना फुटायचे आहे ती कारखान्यातच फुटतील. याने धोका बराच घटतो, संपत नाही. त्याला खर्च येतो आणि तयार मालाकडे पाहून तो केला की नाही हे सांगता येत नाही. कागद मागावा लागतो.

आपल्या विषयाला सर्वांत जवळचा दाखला टोरांटोचा. २०११ च्या उन्हाळ्यात तिथल्या नव्या निवासी मनोऱ्यांच्या बाल्कन्यांची काच एकामागून एक रस्त्यावर पडू लागली. पदपथ बंद करावे लागले, रहिवाशांना स्वतःच्या बाल्कनीत जायला मज्जाव झाला, काही ठिकाणी तावदाने उतरवावी लागली. ओंटारियो प्रांताने तज्ज्ञांची समिती नेमली आणि २०१२ च्या जुलैपासून इमारत संहिता बदलली. काच जमिनीच्या कडेबाहेर किंवा अगदी कडेलगत असेल, म्हणजे तुकडे थेट खाली जाऊ शकत असतील, तर तिथे एकेरी टफन्ड चालणार नाही. तिथे अर्धवट कडक केलेल्या, म्हणजे हीट स्ट्रेंदन्ड, काचेची लॅमिनेटेड जोडीच हवी. मला यातला विचार महत्त्वाचा वाटतो. काच फुटणारच नाही अशी हमी समितीने कोणाकडे मागितली नाही. ती फुटेल हे गृहीत धरले आणि फुटलेली काच जागेवर राहिली पाहिजे असे म्हटले.

लॅमिनेटेड म्हणजे दोन तावदानांमध्ये प्लॅस्टिकचा चिवट थर. १९०३ साली एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून प्रयोगशाळेत काचेचे भांडे पडले, तडकले, पण विखुरले नाही, कारण आत वाळलेल्या नायट्रोसेल्युलोजची पापडी होती, अशी गोष्ट सांगतात. १९०९ साली त्याने पेटंट घेतले. (हे गृहस्थ चित्रकारही होते आणि कापडांच्या नक्ष्यांसाठी आर्ट डेको शैलीत त्यांचे नाव आजही घेतले जाते.) आज बहुतेक ठिकाणी पीव्हीबी नावाचा थर असतो. तो ०.३८ मिलिमीटरच्या पटीत येतो. कठड्याला सहसा चार पदर, म्हणजे १.५२ मिलिमीटर. फॅब्रिकेटरच्या कागदावर ‘१३.५२’ दिसले तर ते सहा अधिक दीड अधिक सहा असे वाचायचे.

इथेही एक बारकावा आहे. दोन्ही काचा पूर्ण टफन्ड असतील आणि दोन्ही फुटल्या, तर खड्यांना ताठपणा राहत नाही आणि तावदान भिजलेल्या गोधडीसारखे लोंबते. अर्धवट कडक केलेली काच मोठ्या तुकड्यांत तडकते. वरचे आणि खालचे तुकडे एकमेकांना सांधून धरतात आणि तावदान बऱ्यापैकी उभे राहते. शिवाय पीव्हीबी उन्हाने मऊ पडतो. कॅनडातल्या थंडीत जे ताठ राहील ते नागपूरच्या मे महिन्यात तसेच राहील असे मानू नये. आयनोप्लास्ट नावाचा दुसरा थर मिळतो. तो कित्येक पटींनी ताठ असतो आणि फुटलेल्या काचेलाही पाठीचा कणा देतो. महाग आहे.

अमेरिकेच्या आदर्श इमारत संहितेत आणखी एक शहाणपणाची अट आहे. माथ्यावरची नळी अशी बसवा की ती किमान तीन तावदानांवर पेललेली असेल, किंवा एक तावदान गेले तरी ती जागेवर राहील. म्हणजे काच गेली तरी हाताला काहीतरी लागते. दोन सारख्या जाडीच्या काचांचे लॅमिनेटेड तावदान ठरलेली चाचणी उतरले तर नळीतून सूट मिळते. आपल्याकडे नळी काढली जाते ती दृश्यात आडवी येते म्हणून. हा फरक ग्राहकाने ओळखायला हवा.

एवढे काचेबद्दल. पण मी ज्या ज्या जाणकारांशी बोललो, त्यांची खरी काळजी तळाशी होती. काच दिसते, तिचे मूळ दिसत नाही. बिनखांबी कठड्यात ॲल्युमिनियमचा यू आकाराचा चॅनल स्लॅबच्या कडेला अँकर बोल्टांनी बसवतात. त्यात काच उभी करून पाचरी आणि रबर ठोकतात, वर झाकण लावतात. कठडा म्हणजे मग एक तरफ. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात (१९८७) कठड्याने माथ्यावर किती आडवा रेटा सोसावा ते दिले आहे : खासगी घरातल्या बाल्कनीला मीटरला ०.३५ किलोन्यूटन, इतर बाल्कन्यांना ०.७५, गर्दीच्या सभास्थानांना २.२५. किलोच्या भाषेत अंदाजे ३५, ७५ आणि २३०. मधला आकडा घेऊ. अकराशे मिलिमीटर उंचीवर ७५ किलोचा रेटा. तळाशी बोल्ट आणि चॅनलची टेकणारी कड यांच्यात अंतर साधारण ८० मिलिमीटर. तरफेच्या साध्या नियमाने बोल्टांवर दर मीटरला वर ओढणारा जोर होतो सुमारे एक टन. वर कोणी ७५ किलोने रेलले तर खाली काँक्रीटमधून बोल्ट उपसायला एक टन जोर लागतो आहे, हे चित्र डोळ्यापुढे आणा.

आणि ते काँक्रीट कसे? बाहेर काढलेला सज्जाचा स्लॅब कडेला पातळ होत जातो. बोल्ट कडेच्या फार जवळ पडला तर काँक्रीटचा कोपराच उडतो. अशा स्लॅबमध्ये मुख्य सळ्या वरच्या अंगाला असतात, कारण तो खाली वाकू पाहतो आणि ताण वर येतो. वरून ड्रिल मारताना सळी लागली तर कारागीर दोन बोटे सरकवून नवे भोक पाडतो. क्वचित सळीच कापतो. प्रत्येक भोक जलरोधक थरातूनही जाते. स्लॅब ओततानाच कठड्याच्या बोल्टांची जागा ठरली असेल आणि तिथे पट्टी रोवली असेल तर यातले काही होत नाही. पण बहुतेक बांधकामांत कठड्याचा ठेकेदार येतो तो सगळ्यात शेवटी, रंगाऱ्यांच्या मागेपुढे.

०.३५ या आकड्याबद्दल मला आणखी म्हणायचे आहे. घरच्या बाल्कनीत दोन माणसे चहा पितील, हे त्यामागचे चित्र. गिरगावात किंवा लक्ष्मी रस्त्यावर अनंत चतुर्दशीला घराघरांच्या गॅलऱ्यांकडे वर पाहा. पाहुणे, शेजारी, पाहुण्यांचे शेजारी, पंधरा-वीस माणसे कठड्याला पोटे लावून रस्त्यावर वाकलेली असतात. तेवढी रात्र ती बाल्कनी खासगी नसते. मानकातला किमान आकडा पाळला म्हणून निश्चिंत होणाऱ्यांनी त्या रात्रीचा हिशेब करावा.

आपल्याकडे नियम नाहीत असे कोणी म्हणू नये. राष्ट्रीय इमारत संहिता कठड्याची उंची किमान एक मीटर मागते. माणूस काचेवर आदळला तर काय, यासाठी आयएस १६२३१ चा चौथा भाग आहे. अडचण आहे ती अंमलाची, आणि आपल्या हौसेची. ताबा मिळाल्यावर डेकवर लाकडी फळ्या किंवा नकली हिरवळ टाकली की जमीन दोन-तीन इंच वर येते आणि कठडा तेवढा ठेंगणा होतो. काचेची एक बाजू मात्र निःसंशय चांगली. आडव्या नळ्यांचा कठडा लहान मुलाला शिडीसारखा असतो, काचेवर पाय ठेवायला जागाच नाही. तिच्याशेजारी कुंडी किंवा मोढा ठेवून ती जागा आपणच करून देतो.

कोकणच्या किनाऱ्याचा आणि मुंबईचा वेगळा त्रास खाऱ्या हवेचा. ‘एसएस आहे, गंजत नाही’ हे अर्धेच खरे. स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या जातीचे ३०४ पोलाद समुद्राजवळ चहाच्या डागांसारखे तांबूस पडते. तिथे ३१६ हवे, ज्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असते. आणि पावसाळ्यात चॅनल म्हणजे बंद पन्हळच. तळाला निचऱ्याची भोके नसली किंवा ती सिमेंटच्या राळीने बुजली असली, तर चार महिने काचेची कड पाण्यात उभी राहते. ओलावा पीव्हीबीत शिरतो आणि कडेने दुधी पट्टा वर चढू लागतो. तो पट्टा दिसला तर साफसफाईवाल्याला बोलावून उपयोग नाही.

घर घेणाऱ्याला, किंवा सोसायटीच्या समितीला, यातले किती तपासता येईल? वाटते त्याहून जास्त. माथ्यावर नळी नसेल तर काचेची वरची कड उघडी असते. तिच्यात मधोमध रेघ दिसली तर दोन काचांची जोडी, नाही तर एकेरी. ध्रुवीकृत चष्मा, म्हणजे पोलराइज्ड गॉगल, लावून संध्याकाळच्या आकाशाच्या उजेडात काच पाहिली तर कडक केलेल्या काचेवर चित्त्याच्या अंगावर असतात तसे फिकट ठिपके दिसतात. हवेच्या झोतांनी मागे ठेवलेल्या खुणाच त्या. कोपऱ्यात कोरलेला शिक्का वाचावा. काच कुठेही उघड्या धातूला टेकलेली नसावी, मध्ये रबर हवेच. कडेला शिंपल्यासारखा टवका गेला असेल तर ते तावदान बदलून मागावे, कारण कड हीच त्या थेंबाची शेपटी. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी काचेवर खड्डे पडतात, तेही पाहावेत. हीट सोकचे प्रमाणपत्र आणि तळाच्या बोल्टांचा हिशेब, अभियंत्याच्या सहीसह, कागदावर मागावा. बांधकाम चालू असताना मागितला तर तो मिळण्याची शक्यता असते. ताबा घेतल्यावर मिळत नाही असा अनेकांचा अनुभव आहे.

काचेच्या कठड्याला कपड्यांची दोरी बांधता येत नाही आणि आकाशकंदिलाची तारही अडकवता येत नाही, ही तक्रार मी वयस्क बायकांकडून सारखी ऐकली. दृश्यासाठी जास्तीचे पैसे मोजून दोन महिन्यांत आतून बांबूचे पडदे लावलेलीही कितीतरी घरे पाहिली. चाळीच्या गॅलरीत शेजारी दिसत. इथे शेजारी सोडून सगळे शहर आपल्या घरात पाहते.

शेवटी सुट्या भागांचे. मॅकफार्लेनच्या कठड्याचा एखादा तुकडा मोडला तर जुन्या तुकड्यावरून साचा करून कोणताही ओतारी नवा ओतू शकतो. मुंबईच्या जुन्या इमारतींची डागडुजी अशी होतेही. आजच्या चॅनलची पाचर, रबर आणि झाकण हे त्या त्या कंपनीचे खास आकार. कंपनीने ते उत्पादन बंद केले की दुसऱ्याचे बसत नाहीत. ज्या इमारतीत चारशे तावदाने आहेत तिथे पंधरा वर्षांनी एक फुटले, तर त्या एका जागी लोखंडी जाळी बसवावी लागते किंवा सगळा मजला उखडावा लागतो. त्यामुळे सोसायट्यांनी चॅनलचे रेखाचित्र आणि त्या वर्षीच्या पाचरी-रबरांच्या एक-दोन पेट्या, नावाची चिठ्ठी लावून, कार्यालयाच्या कपाटात ठेवून घ्याव्यात.